वरची डावी दाढ

"पडले! पडले!" पुढच्या रांगेतून ओरडा उठला आणि मागची माणसं पुढच्यांच्या खांद्यांवरून डोकावायला धडपडू लागली.

धुरी महाराजांनी मडकं उचललं होतं. खाली पितळी परात, परातीत पाणी, पाण्याच्या मधोमध विटेचा तुकडा आणि विटेवर निखारे. विटेभोवतीच्या पाण्यात बारीक पांढरे किडे तरंगत होते. वाकडे, शेपटी वळवलेले, कोमट पाण्यात संथ डोलणारे. ज्याच्या दाढेतून ते निघाले असं सांगितलं जात होतं, तो माळशिरसहून आलेला ट्रॅक्टरवाला गालावर हात ठेवून परातीकडे बघत राहिला. आपल्या तोंडात एवढी वस्ती नांदत होती आणि आपल्याला पत्ताच नाही, याचं बिचाऱ्याला वाईट वाटत असावं.

"बगा, डोळं फाडून बगा!" महाराज गरजले. "डागदर काय म्हणतो? दाढंला खड्डा हाय, सिमिट भरतो. आरं, उंदराच्या बिळाला सिमिट लावल्यावर उंदीर मरतो व्हय? त्यो आतनं कोरतोच की! धुरी द्यावी लागती, धुरी!"

लोक हसले, माना डोलल्या. लबाड माणसाची उपमा नेहमी आपल्याच घरातली असते, म्हणून ती तपासून घ्यायची कुणाला गरज वाटत नाही.

शुक्रवार पेठेतल्या एका मंगल कार्यालयामागे पत्र्याच्या शेडमध्ये हा दरबार भरत होता. महाराज मूळचे करमाळ्याकडचे, तिथे त्यांना तात्याबा म्हणत. सोलापुरात आल्यावर तात्याबाचे महाराज झाले. त्यांची रीत ठरलेली होती. उपड्या मडक्याच्या बुडाला भोक, भोकात वेळूची नळी. दाढ दुखणाऱ्याने नळीला तोंड लावायचं. त्यांचा चेला भीमा लाल फडक्यात गुंडाळलेल्या रुंद तोंडाच्या बाटलीतून 'देवीचं तेल' पळीने निखाऱ्यावर घालायचा, वर मडकं ठेवायचा, आणि धूर नळीतून तोंडात जायचा. महाराज मंत्र पुटपुटायचे. मडकं उचललं की परातीत किडे. धुराच्या वाटेनेच ते दाढेतून खाली उतरतात, असं महाराजांचं सांगणं होतं. धूर वर आणि किडे खाली, एकाच नळीतून. पण हा वाहतुकीचा प्रश्न कुणी विचारत नव्हतं.

शेडच्या दारात धनलक्ष्मी बाई उभ्या होत्या. हायस्कुलात विज्ञान शिकवण्यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलेलं आणि पेठेतली निम्मी पोरं त्यांच्या हाताखालून गेलेली. कडक इस्त्रीची साडी, ताठ मान, आणि हसल्या की दिसणारे एका ओळीतले पांढरेशुभ्र दात. "बाई, तुमचे दात म्हणजे मोत्यांची माळ हो," असं शेजारणी म्हणायच्या. बाई तेवढ्यापुरत्या हसून विषय बदलायच्या.

आज त्या हसायला आल्या नव्हत्या. सकाळी शाळेत निघताना डॉक्टर कौसरचा फोन आला होता. दातांची डॉक्टर, बाईंचीच जुनी विद्यार्थिनी.

"बाई, अक्षता टाके दाखवायला आली नाही. फोनही उचलत नाही. बरी आहे ना ती?"

अक्षता म्हणजे बाईंच्या धाकट्या भावाची, मल्लिकार्जुनची मुलगी. तिची अक्कलदाढ खालच्या जबड्यात आडवी पडून बसली होती. कौसरने हिरडी उघडून ती काढली आणि वर काळ्या दोऱ्याचे टाके घातले होते.

"ताप असेल, तोंड उघडत नसेल, तर एक तासही थांबू नका," कौसर म्हणाली होती. "सूज जबड्याखालून मानेकडे उतरली तर श्वास अडतो, बाई. जिवावर बेततं."

बाई भावाच्या घरी धावल्या. दाराला कुलूप. शेजारची दगडाबाई ओट्यावर मिश्री लावत बसली होती. ती अभिमानाने म्हणाली, "बापल्योक म्हाराजांकडं गेलीत की! आज जखम बंद व्हनार हाय पोरीची. म्याच सांगितलं हुतं त्यास्नी. तोंडात काळा दोरा बगितला आन् माज्या काळजाचं पानी झालं. असला दोरा चांगला नस्तो, बाई." एवढं बोलून दगडाबाई पदर सावरून बाईंच्या मागोमाग शेडपर्यंत आली. आपण लावून दिलेला चमत्कार चुकायला नको ना.

गर्दीत शिरून बाईंनी अक्षताला गाठलं. पोरगी बापाच्या खांद्यावर डोकं टाकून बसली होती. उजवा गाल टम्म फुगलेला, सूज जबड्याच्या कडेखाली उतरलेली, अंग तापलेलं.

"अक्षता, तोंड उघड."

पोरीने प्रयत्न केला. ओठांमध्ये बोट शिरेल एवढीच फट पडली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. आतून असा वास आला की बाईंनी श्वास रोखला. मोबाईलच्या उजेडात त्यांना दाढेच्या जागी खोल खड्डा दिसला. खड्ड्याच्या तळाशी उघडं हाड होतं. दोरा कुठेच नव्हता.

"मल्लू, टाके कुणी काढले?"

मल्लिकार्जुन जमिनीकडे बघत राहिला. ही भावंडं घरात तेलुगू बोलायची. भांडण मात्र मराठीत करायची, म्हणजे चारचौघांना कळावं.

"विचारतेय मी. टाके कुणी काढले?"

उत्तर महाराजांनी दिलं. "म्या न्हाय काडलं, बाई. म्या कुनाला हात लावत न्हाय. डागदरनीनं किडा आत ठिवून दार शिवलं हुतं. लेकीचं दार बापानं उघडावं, आसा देवीचा कौल आला. मग बापानं उघडलं."

बाईंनी भावाकडे पाहिलं आणि सगळं समजल्या. मल्लिकार्जुनचा जन्म टॉवेलच्या मागावर गेला होता. तुटलेला धागा तो अंधारातही बोटांनी शोधायचा, गाठ मारायचा, छोट्या कात्रीने टोक उडवायचा. त्याच बोटांनी, त्याच कात्रीने त्याने लेकीच्या तोंडातले टाके तोडले होते. मग महाराजांनी तिला नळी जोर लावून ओढायला लावली होती, पुन्हा पुन्हा. खड्ड्यात जे काही धरलं होतं ते त्या ओढण्यात निघून आलं.

"चल. ऊठ. कौसरकडे जायचंय."

"अक्का, आजचा दिवस थांब." मल्लिकार्जुन म्हणाला. "महाराज म्हणाले, आज शेवटचे किडे निघणार. मग राख भरली की जखम बंद होते म्हणे."

"पोरीची मान सुजलीय, मल्लू!"

"किडे खाली पळतायत म्हणून सुजलीय. महाराज म्हणाले तसं." मग तो हळूच म्हणाला, "मी तोडलेत गं ते टाके. वाया कसे जातील?"

बाईंचा भावावरचा राग क्षणभर ओसरला. महाराज खोटे ठरले तर आपण पोरीच्या तोंडात काय केलं, या प्रश्नाला तोंड द्यावं लागणार होतं. म्हणून तो महाराजांना खरं ठरवायला जिवाच्या आकांताने झटत होता. माणसं बुवाला सोडत नाहीत, कारण बुवाला सोडलं की स्वतःची चूक पदरात घ्यावी लागते.

तोवर गर्दी चिडली होती. "ओ बाई, लाइनीत या!" "शिकल्याली मानसं, देवाला मानत न्हाईत!" भीमा अक्षताच्या वाटेत आडवा उभा राहिला.

महाराजांना चेव आला. लोकांकडे बघत ते मोठ्याने म्हणाले, "बाईंचा बी दोष न्हाय. बाईंच्याच दाढंत किडं हायती, म्हनून जीब अशी वळवळती! या बाई, बसा नळीला. देवी दावल आत्ता."

हशा पिकला. बाईंच्या कानांत रक्त चढलं. आणि मग एकदम त्यांच्या ध्यानात आलं की या माणसाने आत्ता स्वतः होऊन काय मागितलं आहे.

बाईंच्या वरच्या जबड्यात एकही दात नव्हता. हिरड्यांच्या आजाराने एकेक करून सगळे गेले होते आणि कौसरने त्यांना वरची पूर्ण कवळी करून दिली होती. ती मोत्यांची माळ म्हणजे तीच. हे कौसरशिवाय कुणाला माहीत नव्हतं, सख्ख्या भावालाही नाही. दाराला आतून कडी घातल्याशिवाय बाई ती काढत नसत. पन्नाशीच्या आत आपलं बोळकं झालंय, ही गोष्ट त्यांनी जिवापाड लपवली होती. उद्या वर्गात पोरं काय म्हणतील? पेठेतल्या बायका काय म्हणतील?

त्यांनी अक्षताकडे पाहिलं. पोरगी थुंकी गिळताना कळवळत होती.

चुलीत गेली ती मोत्यांची माळ, असं मनाशी म्हणून बाई नळीसमोर जाऊन बसल्या.

भीमाने बाटली हलवली, तळातून पळी खरवडून तेल काढलं आणि नव्या निखाऱ्यांवर घातलं. चरचर आवाज झाला, मडकं बसलं. धूर नळीतून वर आला. बाईंनी ओठ नळीला लावले, पण श्वास आत घेतला नाही. महाराजांनी डोळे मिटून मंत्र म्हटला. त्यात 'ह्रीं' होतं, 'फट्' होतं आणि मध्येच त्यांना एक जांभई आली तीसुद्धा मंत्रातच बसली. मडकं उचललं. परातीत किडे.

"पडले! बाईंचे पडले!"

बाई शांतपणे म्हणाल्या, "महाराज, माझी खात्री पटवा. हे कुठल्या दाढेतले?"

महाराजांनी मोबाईलची बॅटरी लावून बाईंच्या तोंडात बघितलं. पितळ सोनं म्हणून विकणाऱ्यालाही एवढा आत्मविश्वास नसतो. "वरची डावी दाढ. शेवटनं दुसरी. भाईरनं चकाचक दिसती, पर आतनं पोकळ झालीया. मुळापतुर किडं गेल्यात."

"नक्की?"

"देवी खोटं बोलत न्हाय."

"सगळ्यांनी ऐकलंत ना?" बाईंनी वळून विचारलं. "वरची डावी, शेवटून दुसरी."

"व्हय, व्हय!" लोक ओरडले.

बाईंनी तोंडात अंगठा घातला, वरची कवळी खाली ओढली आणि ती महाराजांच्या तळहातावर ठेवली.

"दाखवा मूळ," त्या म्हणाल्या.

महाराजांच्या हातात गुलाबी प्लॅस्टिकची अख्खी कवळी, शेवटून दुसऱ्या दाढेसकट. मग कुणीतरी फिस्सकन हसलं. आधी लोक बाईंच्या बसक्या गालांना हसले, ते बाईंना दिसलं आणि लागलंही. पण त्या तोंडावर पदर न घेता तशाच उभ्या राहिल्या. हळूहळू हसणाऱ्यांची तोंडं महाराजांकडे वळली.

"ही डॉक्टर कौसरनं मला करून दिलीय," बाई म्हणाल्या. दातांशिवाय शब्द पिचकत होते, हवा निसटत होती, तरी त्या एकेक शब्द दाबून बोलल्या. "हिला मूळ नाही, नस नाही, रक्त नाही. रोज ब्रशनं घासते मी. हिच्यात किडे कुठून शिरले?"

महाराजांची दातखिळी बसली होती, पण अशा माणसांची ती फार वेळ बसत नाही. "हिरडीतलं हुतं! दात नसलं म्हनून काय झालं? हिरडीत बी किडं आस्त्यात!"

"असतात की!" मागून एकजण म्हणाला. गर्दी पुन्हा डळमळली. चमत्काराला शेपटी असते, तोडली तरी वळवळते.

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. "आता नळीला कुणीच बसायचं नाही."

त्यांनी परातीतलं पाणी दारातल्या मोरीत ओतून टाकलं, रांजणातलं ताजं पाणी घेतलं, वीट ठेवली, चिमट्याने निखारे मांडले. बाटलीला हात घातला तसा भीमा धावला. त्याला आडवा गेला तो माळशिरसचा ट्रॅक्टरवाला. अजूनही त्याचा एक हात गालावरच होता. "थांब की लेका. बगू दे. माजी दाढ तशीच ठणकाया लागलीया."

बाईंनी तळातलं तेल निखाऱ्यावर घातलं, मडकं पालथं घातलं आणि चार पावलं मागे सरकून हात बांधून उभ्या राहिल्या. नळीतून धूर निघाला आणि पत्र्याकडे गेला. मंत्र नाही, रोगी नाही, तोंड नाही. चरचर थांबल्यावर त्यांनी दगडाबाईला बोलावलं. "दगडाबाई, तुमच्या हातानं उचला मडकं."

दगडाबाईने नमस्कार करून मडकं उचललं. परातीत किडे होते. तेवढेच पांढरे, तेवढेच वळलेले.

"हे कुणाच्या दाढेतले? हवेच्या?" बाईंनी विचारलं.

बाईंनी बाटली रुमालावर उपडी केली. तेल झिरपून गेलं आणि रुमालावर राहिलं चपटं, पिवळट, बारीक बी. दगडाबाईने वाकून बघितलं आणि किंचाळलीच, "आगं बाई! ही तर भुईरिंगणी! आमच्या बांधाला काटं घिऊन पसरल्याली आस्ती. हिचं बी हाय हे!"

"बरोबर. मिरची-वांग्याच्या कुळातली. आणि किडा कुठला ते बघा." तेलात फुगलेलं एक बी बाईंनी नखाने दाबलं. टरफल फुटून आतून पांढरा, वळलेला अंकुर बाहेर आला. परातीतला किडा आणि हा शेजारी शेजारी ठेवले तर आईलाही ओळखू आले नसते. "बियाच्या पोटात हा असा वळून झोपलेला असतो. तेल-निखाऱ्यानं बी तडकतं, हा उडून पाण्यात पडतो. मडकं झाकलेलं, म्हणून उडताना दिसत नाही. पाणी कोमट, म्हणून हलल्यासारखा वाटतो. धुरानं दाढ थोडा वेळ बधिर होते, तुम्हाला वाटतं गुण आला. दाताला कीड लागते म्हणतो आपण, पण तिला पाय नाहीत, शेपूट नाही. ते डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात, आणि तोंडात अडकलेलं गोडधोड त्यांचं खाद्य. दाढेतून किडा कधी निघत नाही. कुणाच्याही. कधीही."

महाराज पायात चपला सरकवत होते. तेवढ्यात मल्लिकार्जुन उठला. सगळ्यांना वाटलं तो महाराजांच्या अंगावर जाणार. तो गेला नाही. त्याने आपली दोन्ही हातांची बोटं समोर धरली.

"टाके मी तोडले," तो म्हणाला. "याच्या सांगण्यावरनं, पण हात माझे होते. डॉक्टरनं माझ्या पोरीची जखम मिटवली होती, ती मी फाडली. तुमच्यापैकी कुणाच्या घरात कुणाचे टाके असतील तर हात लावू नका." आणि तो पोरासारखा रडायला लागला.

महाराजांना दारापर्यंत जाता आलं नाही. ट्रॅक्टरवाल्याने दार अडवून आधीच पोलिसांना फोन लावला होता. पुढे जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार झाली. फिर्यादीवर पहिली सही मल्लिकार्जुनची होती.

बाई त्यासाठी थांबल्या नाहीत. महाराजांकडून घेतलेली कवळी पदरात बांधून, बोळक्या तोंडाने रिक्षा थांबवून त्या अक्षताला घेऊन कौसरकडे पोचल्या होत्या.

कौसरने जखम धुतली, औषधाची पट्टी भरली, इंजेक्शन दिलं आणि पोरीला मोठ्या दवाखान्यात दाखल करायला लावलं. "आज आणलंत म्हणून बरं," एवढंच ती म्हणाली.

संध्याकाळी ती वॉर्डात आली तेव्हा मल्लिकार्जुनने दबकत विचारलं, "डॉक्टर, पुन्हा टाके घालणार ना? बंद करणार ना जखम?"

"नाही, काका. आत घाण असताना वरून बंद केलं तर ती आत कोंडते."

"मग बंद कोण करणार?"

"तीच करणार." कौसरने अक्षताकडे बोट दाखवलं. "दाढ काढल्यावर खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते. तीच खरी पट्टी. तिच्या आधाराने खालून नवं मांस भरत येतं. म्हणून सांगत होते, चूळ जोरात भरू नका, थुंकू नका, काही ओढून पिऊ नका, तंबाखू-मिश्री लांब ठेवा. टाका फक्त हिरडीच्या कडा जवळ धरतो. जखम मी बंद करत नाही, काका, आणि तो महाराज तर नाहीच नाही. जखम शरीर बंद करतं. आम्ही स्वच्छता राखतो आणि त्याच्या वाटेत कुणी येऊ नये हे बघतो. या वेळी वाटेत आलं कोण, ते तुम्हाला माहीत आहे."

"मीच आलो," मल्लिकार्जुन म्हणाला.

पोरगी घरी आल्यावर तो रोज सकाळी कारखान्यात जाण्याआधी बॅटरी घेऊन तिच्या तोंडात बघायचा. आधी हाड झाकलं गेलं. मग लाल मांस दिसू लागलं, मग गुलाबी. खड्डा उथळ होत गेला आणि एका सकाळी त्याला जागा शोधावी लागली. अक्षता वैतागून म्हणाली, "बाबा, पुरे आता! मला भाकरी खाऊ द्या." कडक भाकरीचा तुकडा तिने कडकन मोडला आणि डाव्या बाजूने का होईना, कुरकुर आवाज करत चावला.

आणि बाई? दुसऱ्याच दिवशी त्या वर्गात गेल्या. बातमी त्यांच्या आधी पोचली होती. मागच्या बाकावर खुसखुस सुरू होती. बाईंनी टेबलावर परात ठेवली, वीट ठेवली, मडकं ठेवलं. मग तोंडातून कवळी काढून तीही परातीशेजारी ठेवली.

"हसून घ्या," त्या म्हणाल्या. "झालं? आता निखारे पेटवते. नळीला कुणी तोंड लावायचं नाही. फक्त बघायचं आणि विचारायचं."

त्या दिवसापासून पेठेपेठेतून बाईंना बोलावणी येतात आणि त्या परात घेऊन जातात. लोक म्हणतात, धुरी महाराज सुटला की दुसऱ्या गावात, दुसऱ्या नावाने बसेल. बसेलही. त्याच्याकडे परात आहे, नळी आहे, बाटली आहे. पण परात आपल्याही घरात आहे, आणि भुईरिंगणी आपल्याच बांधावर उगवते. डोळ्यांनी बघितलं म्हणून खरं मानू नका, बाबांनो. नळी रिकामी ठेवून बघा. रिकाम्या नळीतूनही किडे पडले, तर समजा की रोग तुमच्या दाढेत नाही, समोर बसलेल्या माणसाच्या धंद्यात आहे. आणि घरात कुणाच्या तोंडात टाके असतील, तर ते डॉक्टरच्या हाताला सोडा. आपण फक्त वाटेतून बाजूला व्हायचं.